बांधाची एक फेरी

मुकादम पडला तो खुर्चीतून पडला.

बांधावरून घसरला असता किंवा डोक्यावर टोपली असताना कोसळला असता, तर मिठागरावर त्याची चर्चा दोन दिवस झाली असती आणि संपली असती. तिथे माणसं पडतातच. पण हा पडला तो सावलीत मांडलेल्या खुर्चीतून, हातात चहाचा पेला असताना, आणि कलंडला तोही इतका सावकाश, की समोरून रिकाम्या टोपल्या घेऊन येणाऱ्या बायांना वाटलं, खाली काही सांडलंय ते उचलायला वाकतोय. आधी पेला पडला, मग मुकादम, मग त्याच्या अंगावर खुर्ची.

त्याची बायको त्या वेळी भरली टोपली घेऊन मिठाच्या राशीवर चढत होती. हंगामाचे शेवटचे दिवस, पाऊस कधी येईल याचा नेम नाही, वाफ्यांतलं मीठ उचलून राशीवर टाकायची सगळ्यांची घाई. खालून कुणीतरी हाक मारली तरी तिने आधी टोपली वर नेऊन ओतली आणि मगच मागे पाहिलं. तेवढ्यात काही बिघडलं नसतं, पण पुढे चार महिने ती टोपली तिच्या मनातून उतरली नाही.

मिठागरावर तिला सगळे मुकादमीण म्हणत. नवरा मुकादम झाल्याला सहा वर्षं झाली होती आणि ही मात्र अजून टोपल्याच वाहत होती, म्हणून त्या हाकेत थोडी चेष्टाही असायची. बाया म्हणायच्या, मुकादमीणबाई, तुम्हीही एक खुर्ची मागून घ्या की. ती म्हणायची, मला बसायला वेळ कुठाय. खरं म्हणजे हाक ऐकून तिला मनातून गुदगुल्या व्हायच्या. घरातल्या एका माणसाला बसायला मिळालं, हीच तिच्या लेखी जन्माची कमाई होती.

त्या घरात तोवर कुणी बसलं नव्हतं. सासरा वाफ्यात उभ्याउभ्याच गेला. तिच्या आईची मान टोपल्यांनी अशी वाकडी झाली होती, की म्हातारपणी तिला माणसाचं तोंड बघायला अंग वळवावं लागे. मुकादमाने स्वतः सव्वीस वर्षं लांब दांड्याची फळी ओढून मीठ गोळा केलं होतं. पोट कपडे धुण्याच्या दगडासारखं सपाट, पायांच्या पिंढऱ्या अशा की चिमटा घ्यायला जागा नाही. आधीचा मुकादम गेला तेव्हा शेठच्या मनात दोन माणसं होती. मुकादमीण तीन वेळा शेठच्या बायकोकडे जाऊन आली, तिचं अंगण सारवून आली, धान्य निवडून आली, आणि खुर्ची आपल्या घरी आणली. नवरा कुरकुरला होता. म्हणाला होता, मला नाही बसवणार दिवसभर. तिने त्याला उडवून लावलं. जन्मभर उभे राहिलात, आता बसा की सुखाने.

पहिल्या वर्षी तो मधेच उठायचा, कुणाच्या तरी हातची फळी घ्यायचा आणि दोन-चार वाफे ओढून द्यायचा. एकदा तिने भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, ती फळी त्याच्या हातातून काढून घेतली. लोक हसतील, मुकादमाने असं करायचं नसतं, असं काहीतरी म्हणाली. तो खरंच जाऊन बसला. मग बसतच गेला.

भूक मात्र फळी ओढणाऱ्याचीच राहिली. ताटात भाताचा ढीग, वर तेलाची धार, खारवलेली मासळी, आणि तरी शेजारी मिठाची चिमूट. मिठागरावरच्या माणसाला मीठ कोण मोजून देतं? उन्हात फळी ओढताना ते घामावाटे निघून जायचं. पाठीवर पांढऱ्या रेघा उमटायच्या. सावलीत बसल्यावर ते जाणार कुठून? पोट सुटलं, गाल भरले, जिना चढल्यासारखा दम बांधावर चार पावलांत लागायला लागला. मुकादमीण शेजारणींना कौतुकाने सांगायची, अंगावर मांस चढलंय जरा, बघवतंय आता त्यांच्याकडे.

तो पडला त्या दिवशी वाहन मिळेपर्यंत तीन तास गेले. दवाखान्यात पोहोचला तेव्हा उजवा हात, उजवा पाय आणि जीभ, तिन्ही गेलेली होती. डोक्यात रक्ताची गाठ अडकली होती. पाचव्या दिवशी जिवाचा धोका टळल्यावर तिथली डॉक्टरीणबाई हातात कागद घेऊन खाटेशी आली. वयाने लहान, आवाज मऊ. तिने विचारलं, आजारी पडायच्या आधी हे काय काम करायचे, रोज चालणं-फिरणं किती व्हायचं?

मुकादमीण कोपऱ्यातून उठून ताठ उभी राहिली. पाच दिवस ती त्या दवाखान्यात कोपऱ्यात, जमिनीवर, सगळ्यांच्या पायांत येत पडून होती. आता पहिल्यांदाच कुणीतरी असं काही विचारलं होतं, की ज्याचं उत्तर द्यायला तिची मान वर व्हावी.

"छे हो, काम कसलं," ती म्हणाली. "मुकादम आहेत ते. इकडची काडी तिकडे करावी लागत नाही त्यांना. पाण्याचा पेलासुद्धा आम्ही हातात देतो."

डॉक्टरीणबाईने लिहून घेतलं. खाण्याचं विचारलं. मुकादमीण म्हणाली, खाण्यात आम्ही काही कमी पडू देत नाही, आणि काय काय, किती किती ते सगळं सांगितलं. तेलाचं तर थोडं वाढवूनच सांगितलं. मिठाचं विचारलं तेव्हा ती हसलीच. "मिठागरावर राहतो आम्ही, बाई."

डॉक्टरीणबाई हसली नाही. तिने कागद खाली ठेवला आणि शांतपणे समजावलं. जी माणसं आधीपासून चालती-फिरती असतात, मीठ-तेल बेताने खातात, त्यांना हा झटका बऱ्याचदा हलका येतो आणि आला तरी ती लवकर सावरतात. शरीर तयार असतं. इतरांचं होत नाही असं नाही, पण वेळ लागतो, मेहनत जास्त लागते, आणि पहिले तीन-चार महिने फार महत्त्वाचे. शिवाय गाठ कुठे अडकली, किती उशीर झाला, त्यावरही पुष्कळ असतं. यात तुमचा दोष म्हणून मी सांगत नाही, असंही ती दोनदा म्हणाली.

मुकादमिणीने त्यातलं एकच ऐकलं. आपण मोठ्या तोऱ्यात सांगितलेलं एकेक उत्तर चुकीचं होतं. ती पुन्हा कोपऱ्यात जाऊन बसली आणि दुपारचा चहा आला तो तिने तसाच परत पाठवला.

घरी आणल्यावर वन्सं आल्या. वन्सं म्हणजे मुकादमाची मोठी बहीण, वयाने साठीच्या पुढची, नवरा फार पूर्वी गेलेला, मूलबाळ नाही. अंगाने इतकी बारीक, की मिठागरावर तिचं नावच काटकी पडलं होतं. दोन वर्षांपूर्वी तिलाही हाच झटका आला होता. सकाळी टोपली उचलताना डावा हात उठेना. पण चाळिसाव्या दिवशी ती बांधावर परत होती. हसताना तोंड जरासं वाकडं व्हायचं, एवढंच काय ते मागे राहिलं. त्यामुळे सगळे धरूनच चालले होते की भाऊही उठणार. एकाच आईची दोन लेकरं. काटकी उठली, मग हा तर पुरुष माणूस.

मुलींची लग्नं होऊन त्या लांब गेल्या होत्या. दोघी आल्या, चार-चार दिवस रडल्या, आपापल्या संसाराला परत गेल्या. राहिल्या या दोघी. सकाळी मुकादमीण कामावर जायची. पावसाळ्यात मीठ नसतं, पण मिठागर काही झोपत नाही. फुटलेले बांध चिखलाने बुजवायचे, झाकलेल्या राशींवरचं गवत उडालं की पुन्हा रचायचं, खाडीच्या भरतीने आत घुसलेला गाळ उपसायचा. वन्सं दिवसभर भावाशी झगडायच्या. त्याचा निर्जीव पाय गुडघ्यात वाकवायच्या, सरळ करायच्या, पुन्हा वाकवायच्या, दवाखान्यात दाखवलं होतं तसं आणि तेवढं, वर आपल्या मनाचं थोडं जास्त. पाऊल खाली लोंबायचं म्हणून त्यांनी टोपलीची दोरी घेऊन त्याच्या पंजाला फास केला आणि तिचं दुसरं टोक त्याच्या डाव्या हातात दिलं. पाऊल टाकायच्या वेळी दोरी ओढून पंजा स्वतःच उचलायचा. बाहुली नाचवणाऱ्यासारखा मुकादम स्वतःचा पाय ओढत भिंतीच्या आधाराने उभा राहायचा.

संध्याकाळी मुकादमीण चिखलाने भरलेली परत आली की हातपाय धुण्याआधी दारातूनच विचारायची, "वन्सं, आज बोट हललं का?"

"हललं जरा," वन्सं म्हणायच्या. "काल होतं त्यापेक्षा बरं."

मग तिला रात्रीचा स्वयंपाक करायला हुरूप यायचा. स्वयंपाक म्हणजे मोठंच संकट होतं. डॉक्टरीणबाईने मीठ जवळजवळ बंदच केलं होतं. पहिल्या दिवशी अळणी भात आणि उकडलेली भाजी पुढे आली तेव्हा मुकादमाने घास तोंडात घेतला, तो तसाच बाहेर सोडला आणि डाव्या हाताने ताट ढकललं. ताट भिंतीपर्यंत गेलं. बोलता येत नव्हतं म्हणून तो नुसता आवाज करत राहिला, आणि बोट करत राहिला खिडकीकडे. खिडकीबाहेर, पावसात, गवताने शाकारलेल्या मिठाच्या अकरा राशी उभ्या होत्या.

त्या दिवसापासून मुकादमीणही अळणीच खाऊ लागली. त्याला दिसेल असं समोर बसून खायची. त्याने दोन दिवस तोंड फिरवलं, तिसऱ्या दिवशी खाल्लं. खाता खाता रडला. तीही रडली, पण तिला दिवसभर चिखल उपसून भूक लागलेली होती, त्यामुळे रडता रडता तिने दोनदा भात वाढून घेतला आणि नंतर तिला त्याची लाज वाटली.

सगळ्यात वाईट सकाळची वेळ. शेजारी उठायच्या आत त्याला बाहेर न्यावं लागे. तो तिच्या गळ्यात डावा हात टाकायचा, ती कमरेला धरायची. तो लाजायचा आणि लाजेने अंग ताठ करायचा, आणि अंग ताठ केलं की दुप्पट जड व्हायचा. कधी पोहोचायच्या आधीच व्हायचं. मग ती त्याला तिथेच उभा करून धुवायची आणि कामातलं काहीतरी बोलत राहायची, दक्षिणेकडचा बांध किती खचलाय, यंदा गाळ किती आलाय. तो आभाळाकडे बघत असायचा.

पावसाचा जोर उतरला तेव्हा शेठ आला. माणूस वाईट नव्हता. छत्री मिटून दारातच बसला, मुकादमाच्या गुडघ्यावर हात ठेवून जुन्या हंगामांच्या गोष्टी काढल्या, आणि मग मुकादमिणीकडे न बघता म्हणाला, "मला दुसरा माणूस बघायचा नाहीये. बोलता नाही आलं तरी चालेल, मिठाला कुठे ऐकू येतं. पण सकाळी बांधाला एक फेरी मारून पाणी कुठे झिरपतंय ते मुकादमानेच बघायला हवं. खाडीचं दार उघडून वाफ्यांत पाणी घ्यायच्या दिवशी तेवढी एक फेरी मार. मी येतो बघायला."

ती राहत होती ती खोली मुकादमाची होती. खाडीच्या दाराशी, उंचवट्यावर, पक्क्या विटांची. भरतीच्या वेळी दार राखायचं म्हणून ती त्या कामाबरोबर मिळे आणि कामाबरोबर जाई. बाकीच्यांच्या झोपड्या मिठागराच्या पार पलीकडच्या टोकाला, सखल जागी, जिथे भरतीला उंबऱ्याशी पाणी येतं. जिथे मुकादमीण लग्न होऊन आली होती आणि जिथून सहा वर्षांपूर्वी ती मागे न बघता निघाली होती. शेठ हे काही बोलला नाही. बोलायची गरज नव्हती.

दार उघडायला पस्तीस दिवस होते. मुकादमिणीने त्या दिवसांत नवऱ्याचा आणि स्वतःचाही पिट्टा पाडला. पहाटे कामावर जायच्या आधी एकदा, दुपारच्या सुट्टीत धावत येऊन एकदा, संध्याकाळी पुन्हा. वन्सं म्हणायच्या, अगं, दवाखान्यातल्या बाईने दमवू नका म्हणून सांगितलंय. ही ऐकेना. तिला वाटे, सहा वर्षांचं बसणं पस्तीस दिवसांत फेडून टाकायचं आहे. त्याने बसून घालवलेला एकेक दिवस चालून परत मिळेल. मांडीला हात लावून बघायची, जुना दगडासारखा स्नायू आतमध्ये कुठेतरी असेलच, सव्वीस वर्षांची मेहनत अशी कशी वितळून जाईल? पण हाताला लागायचं ते मळलेल्या पिठासारखं काहीतरी.

एकदा तो भिंतीशी उभा असताना तिने त्याच्या पुढ्यात फळी आणून ठेवली. जुनी, त्याचीच, दांडा हाताच्या घामाने काळा पडलेला. तिला वाटलं होतं, ती बघून हात आपोआप पुढे होईल. झाला, डावा. उजवा नुसताच लोंबत राहिला. त्याने डाव्या हाताने दांडा धरला, जरा वेळ धरून ठेवला, आणि मग तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तिने घाईघाईने फळी उचलून घरामागे नेऊन टाकली. त्या नजरेत राग असता तर तिला बरं वाटलं असतं. पण तो नुसता विचारत होता, की आता कशाला देतेस?

दार उघडायचा दिवस उजाडला तो लख्ख उन्हाचा. वाफ्यांची जमीन आठ दिवस पायांनी तुडवून तुडवून गुळगुळीत केलेली होती. चाळीस माणसं बांधावर जमली होती. शेठ आला. मुकादमाला वन्संनी स्वच्छ सदरा घातला होता, दाढी केली होती, आणि दोरी पंजाला नीट बांधली होती. मुकादमीण दोन पावलं मागे उभी राहिली. शेठ म्हणाला होता, धरायचं नाही.

बांधाला दर वीस पावलांवर लाकडाची खुंटी होती. तो काठी उजव्या काखेत धरू शकत नव्हता आणि डाव्या हातात दोरी होती, म्हणून काठी नकोच असं ठरलं होतं. त्याने दोरी ओढली, पाऊल उचललं, टाकलं. डावा पाय पुढे घेतला. पुन्हा दोरी. कुणीतरी हळूच म्हणालं, जमतंय. मुकादमीण मनात मोजत होती, आणि मोजता मोजता तिचेही पाय तसेच उचलले जात होते. चौथं पाऊल, पाचवं, सहावं. सातव्याला त्याच्या कपाळावरून घाम वाहायला लागला. तो घाम बघून तिला वेड्यासारखा आनंद झाला. कित्येक वर्षांनी तिने त्याला घामाघूम झालेला पाहिला.

अकराव्या पावलाला दोरी ओढली गेली पण पाय आला नाही. पंजा आतल्या बाजूला वळला. तो पडला नाही, हळूहळू खाली बसला, बांधाच्या ओल्या मातीत, जसा खुर्चीत बसत असे तसा. बसल्यावर त्याच्याखालून एक पातळ धार निघाली आणि उताराने खाली, नव्या तुडवलेल्या वाफ्याकडे जाऊ लागली. सगळ्यांनी पाहिली. पहिली खुंटी अजून नऊ पावलं लांब होती.

लोकांनी तोंडं फिरवली. चांगुलपणानेच फिरवली. शेठने खाडीकडे बघून जरा मोठ्याने म्हटलं की भरती चढायला लागली, आता दार उघडायला हवं. मग लंबू नावाच्या एका उंच, तरुण गड्याला त्याने हाक मारली आणि बांध दाखव म्हणाला. लंबू मुकादमाच्या बाजूने जाताना अंग चोरून, वाफ्यात एक पाय टाकून गेला, आणि ते दोघं फेरीला निघाले.

दुपारी मुकादमीण घरामागे दगडावर बसली. दिवसाउजेडी काम सोडून ती बसलेली मिठागराने पहिल्यांदाच पाहिली असेल. वन्सं येऊन तिच्याजवळ टेकल्या.

"उद्यापासून पुन्हा करू," मुकादमीण म्हणाली. "अकरा पावलं टाकली त्यांनी. बोट हलतंय तोवर आशा आहे."

वन्संनी हातातली पंजाची दोरी गुंडाळून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "बोट कधीच हललं नाही गं."

मुकादमिणीने त्यांच्याकडे पाहिलं.

"माझं आठव्या दिवशी हललं होतं. त्याचं चार महिन्यांत एकदाही नाही. दोरीने जेवढा उचलतो तेवढाच पाय. मला दुसऱ्या आठवड्यातच कळून चुकलं होतं."

"मग रोज हो कशाला म्हणत होतात?"

"तू दारातून विचारायचीस ना," वन्सं म्हणाल्या. "चिखलाने भरलेली. तुला नाही कसं म्हणू?"

मुकादमीण रडली नाही. तिला रागही आला नाही. ती एवढंच म्हणाली, "मी बसवलं त्यांना. तुम्ही टोपल्या वाहत होतात, तुम्ही उठलात. त्यांना मी बसवलं."

"तुझ्या जागी मी असते तर मीही बसवलं असतं," वन्सं म्हणाल्या. त्यांचं तोंड जरासं वाकडं झालं, पण त्या हसत नव्हत्या. "मला काय बसायला नको होतं? बसवणारं कुणी नव्हतं, म्हणून उभी राहिले. खायला कुणी आग्रह केला नाही, म्हणून बेताने खाल्लं. आता लोक म्हणतात काटकीने तब्येत राखली."

तिसऱ्या दिवशी खोली सोडायची ठरली. सामान फार नव्हतं. बायांनी टोपल्यांत भरून दोन खेपांत पलीकडे नेलंही. राहिला मुकादम. वाफ्यांत पाणी सोडलं होतं, त्यामुळे जायला फक्त बांध उरला होता, दोन हात रुंद, दोन्ही बाजूंना गुडघाभर खारं पाणी. त्यावरून गाडी जात नाही. लंबू आणि आणखी एक जण लाकडी फळकूट घेऊन आले, यावर निजवू, एक पुढे, एक मागे. मुकादमाने फळकूट पाहिलं आणि डाव्या हाताने दाराची चौकट धरली. त्या बांधावरून फळकुटावर नेतात ती फक्त मेलेली माणसं. बापालाही त्याने तसंच नेलं होतं. लंबूला ते उशिरा उमगलं आणि तो चपापला; त्याने ते भिंतीआड नेऊन ठेवलं.

"सोडा," मुकादमीण म्हणाली. "मी नेते."

लंबू नको नको म्हणत राहिला. ती खाली बसली, नवऱ्याचा डावा हात आपल्या खांद्यावरून पुढे घेतला, उजवा स्वतःच्या हाताने धरून छातीशी आवळला, आणि भरली टोपली उचलताना काढायची तसा एक हुंकार काढून उभी राहिली. चार महिन्यांत तो पुष्कळ उतरला होता. तरी बाप्या माणूस होता. पहिली चार पावलं तिचे पाय लटपटले, मग अंगाला ओझ्याचा अंदाज आला. वन्सं मागून येत होत्या, पडला तर धरायला, पण त्या स्वतःच वाऱ्याने हलत होत्या.

अकरा पावलं कधी मागे पडली ते तिला कळलं नाही. पहिली खुंटी गेली, दुसरी गेली. वाफ्यांतलं पाणी स्वच्छ होतं आणि त्यात वर आभाळ आणि खाली एकावर एक बसलेली दोन माणसं दिसत होती. ती तिकडे न बघता चालली. त्याचा श्वास तिच्या मानेवर लागत होता, गरम, अळणी भाताच्या वासाचा. एक पाय तिच्या कमरेला धरून होता, दुसरा लोंबत होता आणि दर पावलाला तिच्या पिंढरीवर आपटत होता.

मधल्या वळणाशी आल्यावर तो बोलला. चार महिन्यांत तोंडातून नुसते आवाज निघत होते. हा मात्र शब्द होता, स्वच्छ, वन्संनाही मागे ऐकू आला.

"ठेव."

ओझं असह्य झालं की वाहणारे एकमेकांना म्हणतात तसा तो म्हणाला. तिला दया करून म्हणाला, की स्वतःला नको झालं म्हणून, ते तिला समजलं नाही.

"कुठे ठेवू?" ती म्हणाली.

त्याचं कपाळ तिच्या खांद्यावर टेकलं आणि तिथला कपडा हळूहळू ओला झाला. ती चालत राहिली. झोपड्या दिसू लागल्या, दारांत बाया उभ्या होत्या, कुणी पाण्याचा तांब्या घेऊन पुढे येत होतं. वन्सं मागून धापा टाकत म्हणाल्या, अगं, थांब जरा, दम घे.

तेव्हा मुकादमिणीच्या ध्यानात आलं, की आपल्याला दम लागलेलाच नाही. एवढा बांध चढून-उतरून आली, पाठीवर बाप्या माणूस, आणि छाती आपली संथ चाललेली. सोळाव्या वर्षापासून डोक्यावर टोपली, पायाखाली बांध, सगळ्यांचं झाल्यावर उरलेला भात, तेल-मासळी त्याच्या ताटात आणि आपल्या ताटात जे राहील ते. नकळत तिने सगळं तसंच केलं होतं, दवाखान्यातली ती पोरगी सांगत होती तसं. ती एकावन्न वर्षांची होती. तिची आई वाकड्या मानेने पंच्याऐंशी वर्षं जगली होती. अजून वीस वर्षं, तीस वर्षं हे शरीर असंच उचलत राहील. रोज सकाळी शेजारी उठायच्या आत, रोज, कुठेही न अडखळता.

तिला भीती वाटली. नवरा पडला तेव्हाही वाटली नव्हती इतकी. तांब्या घेऊन आलेल्या बाईला तिने मानेनेच नको म्हटलं आणि ती झोपडीच्या दारातून वाकून आत गेली.